पॉटचं आईस्क्रीम, २५ माणसं आणि साताऱ्यातला मे महिना

(ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

ओसरी

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्याच्या घरी दोन्ही आत्या, त्यांची नातवंडं आणि बाबांचे शाळेतले मित्र सहकुटुंब येणार आहेत. लहानमोठी धरून २५ माणसं. दोन्ही वेळचं जेवण आचाऱ्याकडे दिलंय, ती काळजी नाही. माळ्यावरचा हाताने फिरवायचा आईस्क्रीमचा पॉट खाली काढलाय: लाकडी बादली, आत ५ लिटरचा पितळी डबा, वर हँडल. डबा आतून काळपट दिसतो आणि बादलीच्या फळ्यांमधून उजेड आरपार येतोय.

एवढ्या माणसांना एक घाणा पुरेल का? दूध, आंबा, बर्फ, मीठ यांचं नेमकं प्रमाण काय? खारट होऊ नये म्हणून काय करायचं? आणि त्याच दिवशी सकाळी सगळ्यांना घेऊन जवळपास कुठे जाता येईल? मंडळींत सत्तरीचे चारजण आहेत आणि पाच ते बारा वर्षांची सात मुलं.

तांबट

आधी डब्याला कल्हई करून घ्या, मग बाकीचं बोला. उघड्या पितळेला आंब्याचा आंबटपणा लागला की मिश्रण कळकतं. चव जातेच, वर मळमळ आणि उलट्या. कल्हईवाला मिळेना तर त्याच मापाचा स्टीलचा डबा बघा, पण नुसता व्यास जुळून भागत नाही. डबा तळाच्या खुंटीवर फिरतो; ती बादलीतल्या खाचेत नीट बसली नाही तर डबा कलतो आणि हँडल अडकतं.

उजेड दिसतोय म्हणजे लाकूड सुकून आकसलंय. एमसील, डांबर असलं काही भरू नका. आदल्या दिवशी सकाळी बादली काठोकाठ भरून सावलीत ठेवा. सुरुवातीला गळेल, भरत राहा. रात्रीपर्यंत फळ्या फुगून सांधे मिटतात. दुसऱ्या दिवशीही धार लागली तर लोखंडी पट्ट्या सैल आहेत. बादली उपडी घाला आणि पट्टी रुंद काठाच्या बाजूला हलक्या हाताने ठोकत न्या. उलट ठोकलीत तर आणखी सैल होईल.

डब्याच्या आत दूध घुसळणाऱ्या पंख्याच्या लाकडी पट्ट्या डब्याच्या भिंतीला घासून जायला हव्यात. झिजल्या असतील तर भिंतीवर बर्फाचा थर धरतो आणि मधलं दूध दूधच राहतं. अशा वेळी सुताराकडून नवीन पट्ट्या करून घ्या. हँडलच्या दात्यांना शेंगदाणा तेलाचे दोन थेंब पुरे. खोबरेल नको, गारठ्यात थिजून बसतं. आणि बादलीच्या अंगाला वरच्या बाजूला एक भोक असेल, ते कुणी बुजवलं असेल तर मोकळं करा.

खडीसाखर

एक घाणा पुरतो. ५ लिटरचा डबा फक्त दोन तृतीयांश भरायचा, फार तर साडेतीन लिटर. फिरवताना हवा मिसळून ते फुगतं आणि साधारण साडेचार लिटर होतं. म्हणजे माणशी एक भरलेली वाटी आणि मुलांना थोडं वरून. काठापर्यंत भरलं तर फुगायला जागा राहत नाही, झाकणातून वर येतं आणि उरलेलं घट्ट, दगडासारखं होतं.

आंब्याचं मिश्रण असं: म्हशीचं दूध अडीच लिटर, आटवून दोन लिटर. साखर ४५० ग्रॅम. कॉर्नफ्लोअर दोन मोठे चमचे, अर्धी वाटी गार दुधात कालवून उकळत्या दुधात घाला आणि पाच मिनिटं शिजवा, नाहीतर कच्चट लागतं. फ्रेश क्रीम ४०० मिली. हापूसचा गर ८०० मिली, मध्यम आकाराची सात-आठ फळं लागतील. चिमूटभर मीठ.

दूध तळाला लागू देऊ नका, करपल्याचा वास वेलचीनेही झाकला जात नाही. साखर विरघळली की दूध गार करून रात्रभर फ्रीजमध्ये. गर वेगळा ठेवा आणि दोन्ही थंडगार झाल्यावरच एकत्र करा. कोमट दुधात आंबट गर पडला की दूध फाटतं. गर चाळणीतून गाळायलाच हवा. रेषा राहिल्या तर पंख्याला गुंडाळतात.

साखर अंदाजाने वाढवू नका. जास्त साखरेचं मिश्रण गोठतच नाही, मग लोक बर्फाला दोष देतात. कमी पडली तर कणीदार बर्फ होतो. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते, म्हणून मिश्रण चाखताना जरा जास्तच गोड वाटलं पाहिजे.

कृष्णाकाठ

बाकी सगळ्याला अनुमोदन, पण कॉर्नफ्लोअर कशाला? दूध नीट आटवलं आणि घरची साय घातली तर त्याची गरज नाही. फक्त साय मिक्सरमध्ये फिरवताना एकजीव झाली की लगेच थांबा. दहा सेकंद जास्त फिरवलं की लोण्याचे कण सुटतात आणि ते आईस्क्रीममध्ये टाळूला चिकटतात.

खडीसाखर

@कृष्णाकाठ, घरच्या चार माणसांसाठी करताना तुमचं बरोबर. इथे मेच्या उन्हात २५ वाट्या वाढायच्या आहेत. कॉर्नफ्लोअरने पाणी सुटायला वेळ लागतो, शेवटच्या माणसाला वाटीत मिल्कशेक मिळत नाही.

गारठा

आता खरा विषय. पॉटचं आईस्क्रीम बिघडतं ते बहुतेक बर्फ आणि मिठाच्या प्रमाणात.

नुसता वितळता बर्फ शून्य अंशावर राहतो आणि साखरेचं दूध शून्याच्या खाली गेल्याशिवाय गोठत नाही. मीठ घातलं की बर्फ शून्याखालीही वितळत राहतो आणि वितळायला लागणारी उष्णता डब्यातून ओढून घेतो. मीठ स्वतः गार नसतं, ते बर्फाला वितळायला लावतं, एवढंच त्याचं काम.

फिरवताना वजनाने सहा भाग बर्फ आणि एक भाग मीठ. तुमच्या पॉटला फिरवण्यासाठी १२ ते १४ किलो बर्फ आणि नंतर आईस्क्रीम मुरवून घट्ट करायला सात-आठ किलो. एकूण २२ किलो बर्फ आणि ५ किलो मीठ आणून ठेवा. मीठ जाडंच, खड्याचं. बारीक मीठ क्षणात विरघळून तळाला जातं, खाली कडक गारठा आणि वर काहीच नाही.

बर्फ कारखान्यातून लादी आणा, गोणपाटात गुंडाळून लाकडी मोगरीने फोडा. तुकडे सुपारी ते लिंबाएवढे. मोठे राहिले तर मध्ये पोकळ्या राहतात, चुरा केला तर दहा मिनिटांत पाणी. अखाद्य बर्फ निळसर रंगवलेला असतो, तो पॉटला चालतो कारण डब्याच्या बाहेरच राहतो. मात्र मुलं तोंडात टाकतात आणि कुणीतरी हमखास पन्ह्यात घालतं, तेव्हा सरबतांचा बर्फ वेगळ्या भांड्यात ठेवा.

भरताना चार बोटं बर्फ, त्यावर मूठभर मीठ, पुन्हा बर्फ, असं डब्याच्या झाकणाच्या दोन बोटं खालपर्यंत. वर अजिबात नाही. मग तांब्याभर गार पाणी ओता, म्हणजे बर्फ लगेच डब्याला भिडतो. पहिली पाच मिनिटं सावकाश फिरवा, नंतर एकसारखा वेग. मध्येच थांबायचं नाही. थांबलात की भिंतीवरचा थर घट्ट होतो आणि पंखा अडकतो. मुलांना पाळी लावायची तर पहिल्या दहा मिनिटांत. शेवटी हँडल जड होतं तेव्हा मोठ्यांनी घ्यावं आणि एकाने बादली दाबून धरावी.

पंचवीस ते पस्तीस मिनिटांत हँडल फिरेनासं झालं की थांबा. पंधरा मिनिटांतच जड झालं तर खूश होऊ नका. मीठ जास्त झालंय, कडेला दगड आणि मध्ये पातळ अशी गत आहे. पाऊण तास होऊनही हलकंच फिरतंय तर बहुधा मीठ कमी पडलंय, नाहीतर मिश्रण कोमट होतं किंवा त्यात साखर जास्त.

खारटपणाचं उत्तर बादलीच्या अंगाच्या त्या भोकात आहे. खारं पाणी तिथून वाहत राहिलं पाहिजे, दर दहा मिनिटांनी त्यात काडी घालून बघा. सगळं पाणी मात्र काढून टाकू नका, गारवा डब्यापर्यंत तेच पोचवतं. उघडण्याआधी पाण्याची पातळी झाकणाच्या खाली उतरवा, वरचा बर्फ बाजूला करा आणि झाकणाचा सांधा ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने पुसा. घाईत उघडलं की कडेवरचं मीठ थेट आत.

पंखा काढा (चाटायला मुलं रांगेत असतीलच), आईस्क्रीम उलथन्याने दाबून बसवा, झाकणाच्या मधल्या भोकात बूच घाला. पुन्हा बर्फ भरा, यावेळी चाराला एक मीठ, आणि वर ओलं गोणपाट. दीड तास हात लावू नका. ताजं काढलेलं मऊ असतं, वाटीत पडलं की वितळतं.

माचीकर

सकाळचं मी सांगतो. मेमध्ये कास आणि ठोसेघर डोक्यातून काढा. ठोसेघरचा धबधबा पावसाळ्यातला, कासची फुलं ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंतची. आत्ता तिथे तलाव आणि वारा. महाबळेश्वर तर शनिवार-रविवारी नकोच, पसरणी घाटातच मुलं कंटाळतील.

तुमच्या मंडळींना लिंब गावातली बारा मोटांची विहीर योग्य. महामार्गावरून लिंब फाट्याने आत, शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटर. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ दरम्यान वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतलेली. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडून आयताकृती उपविहीर आणि दोन्हींच्या मध्ये दगडी महाल. महालाच्या कोरीव खांबांवर मुलांना हत्ती-घोडे शोधायला लावा, अर्धा तास सहज जातो. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत गारवा असतो. पाणी खोल आहे, तेव्हा दर दोन मुलांमागे एक मोठं माणूस. गुडघेदुखीवाल्यांनी खाली उतरायचा हट्ट धरू नये, वरून मोटेच्या जागा छान दिसतात.

सकाळी सातला निघालात तर साडेदहाला घरी. सज्जनगडाचं मनात असेल तर तो वेगळ्या दिवशी: गाडीतळापासून पायऱ्या आहेत, आणि दुपारचा प्रसाद घ्यायचा तर अख्खी सकाळ त्यातच जाते. संध्याकाळी ज्यांना पाय मोकळे करायचेत त्यांनी संगम माहुलीला जावं. कृष्णा-वेण्णेचा संगम, जुनी देवळं, बसायला घाट. बाबांच्या मित्रांच्या गप्पांना याहून बरी जागा नाही.

ओसरी

सगळ्यांचे आभार. कल्हईवाला शोधायला सांगितलाय. दोन शंका: पॉट गच्चीवर फिरवला तर चालेल का, आणि आंबा न चालणाऱ्या दोघांसाठी त्याच घाण्यात काही करता येईल?

गारठा

गच्ची नको. दिवसभर तापलेल्या स्लॅबवर बर्फ खालून वितळतो. पडवीत किंवा झाडाच्या सावलीत फरशीवर गोणपाट घालून त्यावर बादली ठेवा. चारला फिरवायला घ्या, पावणेपाचपर्यंत बर्फात मुरायला लावा, साडेसहाला वाढा.

खडीसाखर

एका घाण्यात दोन चवी होत नाहीत. आटवलेल्या दुधातलं अर्धा लिटर गर घालण्याआधी बाजूला काढा आणि पसरट स्टीलच्या डब्यात फ्रीझरला लावा. दर पाऊण तासाने काट्याने खरवडायचं, तीन वेळा. अर्धवट गोठल्यावर १०० ग्रॅम कंदी पेढे कुस्करून घाला, आधी घातले तर विरघळून जातात. पेढ्यात साखर असते, म्हणून या दुधासाठी वेगळी साखर वाढवू नका. पॉटमध्ये तेवढं कमी झालेलं दूध भरून काढायची गरज नाही, २५ जणांना तरीही पुरतं.

तांबट

आणि खारं पाणी आवरायच्या घाईत झाडांना घालू नका, आंब्याच्या आळ्यात तर नाहीच. मोरीत ओता, मागून दोन बादल्या साधं पाणी सोडा. बादली, डबा, दाते त्याच रात्री गोड्या पाण्याने धुऊन पुसा. सकाळपर्यंत ठेवलं तर लोखंडी पट्ट्यांना गंज आणि डब्यावर हिरवे डाग. बादली उन्हात वाळवू नका, सावलीतच उपडी ठेवा.