मदत हवी आहे: प्रोग रॉक १९७४ नंतर कुठून ऐकू?

मंडळी, गेले दोन महिने प्रोग्रेसिव्ह रॉकचं वेडच लागलंय. सुरुवात किंग क्रिमसनच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमपासून केली, त्यातल्या मेलोट्रॉन या टेपवाल्या कीबोर्डने पार खल्लास केलं! प्रत्येक पट्टीमागे टेपची एक फीत, सूर जेमतेम आठ सेकंद टिकतो, मग बोट उचलून परत दाबायचं, हे कळल्यावर तर तो अल्बम परत पहिल्यापासून ऐकला. मग येस या बँडचा १९७२ चा क्लोज टू द एज, त्याच नावाचं अठरा मिनिटांच्या वरचं गाणं आणि मधे तो चर्चमधला पाइप ऑर्गन घुमतो ना, अंगावर काटाच येतो राव.

आता अडलंय ते पुढे. किंग क्रिमसनचा १९७४ चा रेड ऐकला, एकदम जड आणि काळोखा, आणि त्याच बँडचा १९८१ चा डिसिप्लिन लावला तर गिटार घड्याळासारख्या एकमेकींत गुंतलेल्या, मेलोट्रॉनचा पत्ताच नाही. मधल्या सात वर्षांत नेमकं काय झालं? सगळं पंकवर (तेव्हा आलेलं साधं, वेगवान रॉक) ढकलणं मला तरी पटत नाही, रशसारखा प्रोग बँड तर तेव्हाच जोरात होता की.

१९७५ ते ८१ मधले चार-पाच अल्बम क्रमाने सांगा ना प्लीज, इटलीवाले बँडपण चालतील. आणि प्रत्येकात काय कान देऊन ऐकायचं तेही लिहा.