पहिलीच गाडी म्हणून जुनी आलिशान गाडी घ्यावी का?

प्रश्न : पुण्याहून

नमस्कार. मी पुण्यात नोकरी करतो, राहायला सिंहगड रस्त्याला आहे आणि आईवडील सांगलीला असतात. गेली सहा वर्षे दुचाकीवर निभावले, पण वडिलांच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरल्यामुळे आता महिन्यातून दोनदा तरी सांगलीला जावे लागेल. त्यामुळे आमच्या घरात पहिल्यांदाच चारचाकी येणार आहे. माझी तयारी एकूण बारा लाखांची आहे. त्यांपैकी पाच लाख साठवलेले आहेत आणि बाकीचे कर्ज काढणार आहे.

एवढ्या पैशांत नवी छोटी एसयूव्ही मिळते, हे मला ठाऊक आहे. परंतु मागच्या महिन्यात एका विक्रेत्याकडे २०१६ ची बीएमडब्ल्यू ३२०डी पाहिली. दिल्ली पासिंग, मीटरवर ६८,००० किलोमीटर, मागणी साडेदहा लाख. नवी होती तेव्हा हीच गाडी चाळीस लाखांच्या घरात होती. आत बसून दार ओढून घेतले आणि बाहेरच्या रस्त्याचा सगळा गोंगाट जणू दाराबाहेरच राहिला. तेव्हापासून दुसरी कोणतीही गाडी मनाला पटत नाही. ही गाडी अधिक सुरक्षित असेल आणि लांबच्या प्रवासात वडिलांना कमी त्रास होईल, असेही मला मनापासून वाटते. ज्यांनी अशी गाडी वापरली आहे त्यांनी कृपया स्पष्ट मत द्यावे.

पहिले उत्तर : नाशिकहून

तुम्ही पाहिलेली गाडी चांगली की वाईट, हा प्रश्न माझ्या दृष्टीने दुसरा आहे. ती तुमच्या घरातली एकुलती एक गाडी असणार आहे, याचा विचार आधी करा.

माझ्याकडे चार वर्षांपासून एका जर्मन कंपनीची २०१४ ची सेडान आहे, तीही वापरलेलीच घेतलेली. गेल्या मे महिन्यात मुंबईहून परतताना कसारा घाटात इंजिन तापल्याचा इशारा लागला. गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडले, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, नेणाऱ्या प्लास्टिकच्या जोडनळीचे करंगळीएवढे तोंड तुटून रबरी पाइपातच अडकलेले होते आणि गुलाबी पाणी डांबरावर ठिबकत होते. त्या नळीची किंमत २,८०० रुपये. पण ती नाशिकच्या कोणत्याही दुकानात तयार मिळेना. मागवून यायला अकरा दिवस लागले आणि टोइंग, मजुरी व उष्णतेने कडक झालेले आजूबाजूचे आणखी दोन पाइप धरून बिल ३१,००० रुपयांवर गेले. ते मी भरले, त्याबद्दल माझी तक्रारही नाही, कारण दहा वर्षांच्या गाडीत रबर आणि प्लास्टिक जाणारच. मात्र त्या अकरा दिवसांत पत्नीची साधी हॅचबॅक दारात उभी होती, म्हणून मुलांची शाळा, आईचा दवाखाना, काहीच अडले नाही. तुमच्या दारात तशी दुसरी गाडी नसेल, आणि तुम्हाला गाडी हवी आहे ती नेमकी वडिलांच्या दुखण्यासाठी.

माझी गाडी मी विकणार नाही. घाटातल्या वळणावर ती रस्ता जसा धरून ठेवते, तसा अनुभव मला दुसऱ्या गाडीत आलेला नाही, त्यामुळे तुमची ओढ मला पूर्ण समजते. परंतु गाडीची किंमत चाळीस लाखांवरून साडेदहा लाखांवर उतरली तरी तिचे सुटे भाग, टायर आणि मजुरी चाळीस लाखांच्या गाडीच्याच हिशेबाने घेतली जाते. विमा, सर्व्हिसिंग आणि दुरुस्ती मिळून इंधन सोडून माझे वर्षाला एक लाखाच्या आसपास जातात, आणि एखाद्या वर्षी त्याच्या दुप्पटही गेले आहेत. बारा लाखांत साडेदहाची गाडी बसते, असे तुम्हाला दिसते. माझ्या मते बारा लाखांत अशी गाडी आठ लाखांचीच बसते, आणि उरलेले चार लाख तिच्यासाठी बाजूला ठेवावे लागतात. हप्ते भरत असताना तेवढी रक्कम हाताशी राहील का, ते पाहा.

दुसरे उत्तर : कोल्हापूरहून

मी अठरा वर्षे गॅरेज चालवतो आणि या वर्गातील गाड्या आमच्याकडे नियमित येतात. वरील मताशी मी सहमत आहे. तरीही तुम्ही गाडी घेण्याचे ठरवलेच, तर किमान काय पाहावे ते लिहितो.

गाडी पाहायला सकाळी लवकर जा आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा की, मी येईपर्यंत कोणीही ती चालू करायची नाही. पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले, तर विक्रेत्याला थंड इंजिनाचा आवाज तुम्हाला ऐकवायचा नाही, असे खुशाल समजा. या डिझेल इंजिनात टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाच्या आतल्या भागांची हालचाल जुळवून ठेवणारी साखळी, पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला असते. थंड इंजिन चालू होताच पहिल्या काही सेकंदांत मागून सळसळ किंवा घासल्यासारखा आवाज आला, तर ती गाडी सोडून द्या. ती चेन बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि बिल चेनच्या किमतीने नाही तर त्या कामाने वाढते.

या गाडीतला आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स झेडएफ कंपनीचा आहे आणि मला तो फार आवडतो, पण त्याच्या ऑइलकडे बहुतेक मालक ढुंकूनही पाहत नाहीत, कारण ते आयुष्यभर बदलावे लागत नाही, असे त्यांना सांगितलेले असते. प्रत्यक्षात गिअरबॉक्स बनवणारी झेडएफच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान ते बदलण्याचा सल्ला देते. त्याचा ऑइल साठवणारा खालचा पॅन प्लास्टिकचा असून फिल्टर त्यातच बसवलेला असतो, म्हणून ऑइलबरोबर संपूर्ण पॅन बदलावा लागतो. हे काम आधी झाले असेल, तर त्याचे बिल मागा.

किलोमीटरच्या आकड्याविषयी मला शंका आहे. ६८,००० हा आकडा दहा वर्षांत विभागला, तर महिन्याला पावणेसहाशे किलोमीटरही होत नाहीत. इतके कमी फिरणारा माणूस डिझेल गाडी सहसा घेत नाही. समोरच्या मीटरवरचा आकडा मागे फिरवता येतो, पण या गाड्यांत किलोमीटरची नोंद इतर इलेक्ट्रॉनिक युनिटांमध्ये आणि किल्लीतही राहते. गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारा योग्य स्कॅनर लावून ते आकडे एकमेकांशी ताडून पाहा, शिवाय चासी नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी मिळतात का, तेही विचारा.

पाण्यात बुडालेल्या गाडीबद्दल आम्हा कोल्हापूर-सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर धुऊनपुसून चकाचक केलेल्या कितीतरी गाड्या मी पाहिल्या आहेत. चारही सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. रोजच्या वापरात न उलगडणाऱ्या त्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहून जाते आणि धुणाऱ्याच्या ती लक्षात येत नाही. या गाडीची बॅटरी डिकीत उजव्या बाजूला असते. तिथले आवरण काढून खालच्या पत्र्यावर गंज किंवा माती आहे का, तेही पाहा. बॅटरी नुकतीच बदललेली दिसली, तर तिची नोंद गाडीच्या संगणकात केली आहे का, हे विचारून घ्या. नोंद नसेल तर गाडी तिला जुन्या बॅटरीच्या हिशेबानेच चार्ज करत राहते आणि नवी बॅटरी लवकर जाते.

तिसरे उत्तर : ठाण्याहून

माझे काम वाहन विम्याचे आहे, म्हणून कागदांविषयी लिहिते. त्याआधी एक घरगुती गोष्ट सांगते. माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. ऑपरेशननंतर अनेक महिने तिला खाली असलेल्या आसनावर बसणे आणि तिथून उठणे, हेच सर्वांत कठीण गेले. आमच्या साध्या सेडानमधूनही तिला दोघांनी हात द्यावा लागे. तुम्ही म्हणता ती गाडी त्याहून ठेंगणी आहे. वडिलांचा प्रवास सुखाचा व्हावा यासाठी गाडी घेत असाल, तर इंजिनाआधी आसनाची उंची मोजा.

आता दिल्ली पासिंगविषयी. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये निर्बंध आणले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. पुढे न्यायालयात त्यात फेरफार होत राहिले, पण दहाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरची डिझेल गाडी तिथला मालक काढून टाकतो, ती यामुळेच. साडेदहा लाखांत महाराष्ट्राचा रस्ता कर धरलेला आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. आपल्याकडे वीस लाखांवरील नव्या डिझेल गाडीला हा कर १५ टक्के असतो. परराज्यातून आलेल्या जुन्या गाडीला वयानुसार घट मिळते, परंतु हिशेब मूळ किमतीवरून सुरू होतो, तुम्ही मोजलेल्या किमतीवरून नाही. दिल्लीत भरलेल्या कराच्या परताव्यासाठी अर्ज वेगळा करावा लागतो आणि तो पैसा लगेच हातात येईल, असे धरून चालू नये.

मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, आणि हस्तांतराचे नमुने २९ व ३० हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर गाडीवर बँकेचा बोजा आहे का आणि चलने थकली आहेत का, ते दिसते. कर्ज फिटलेले असूनही बोजा नोंदीतून उतरवलेला नसतो, असे मी नेहमी पाहते. मालकी बदलल्यापासून चौदा दिवसांत विमाही आपल्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, हा त्या माणसाचा असतो, तो गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही.

मागितलेल्या किमतीबद्दलही घासाघीस करा. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या गाड्यांवरील २८ टक्के जीएसटी आणि वरचा उपकर जाऊन सरसकट ४० टक्के कर आला, नव्या आलिशान गाड्या स्वस्त झाल्या आणि त्यामुळे जुन्यांचेही भाव उतरायला हवेत. सुरक्षिततेचे म्हणाल, तर २०२३ पासून भारत एनकॅपच्या, म्हणजे गाडी धडकवून तिची सुरक्षितता तपासणाऱ्या, चाचण्या सुरू झाल्या आहेत आणि तुमच्या किमतीतल्या नव्या गाड्यांतही आता सहा एअरबॅग मिळतात. दहा वर्षांच्या गाडीची सुरक्षितता तिच्या टायर-ब्रेकवर आणि आधीच्या अपघातांवर अवलंबून असते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. शनिवारी सकाळी आठ वाजता गेलो. आदल्या दिवशी बजावून सांगितले होते, तरी बॉनेट गरम होते. स्कॅनर लावायचा असेल तर आधी पंचवीस हजारांचे टोकन द्या, असे विक्रेत्याने सांगितले. पोर्टलवर बँकेचा बोजा अजूनही दिसतो आहे आणि रस्ता कर किमतीत धरलेला नाही, हेही चौथ्यांदा विचारल्यावर कळले. मी परत आलो. वाईट वाटले, ते लपवत नाही.

ठाण्याच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे टेप घेऊन गेलो होतो. त्या गाडीचे पुढचे आसन जमिनीपासून जेमतेम एकोणीस इंच भरले. संध्याकाळी मित्राची छोटी एसयूव्ही मोजली, ती पंचवीस इंच. वडिलांशी फोनवर बोललो, तेव्हा ते म्हणाले की, त्यांच्या पलंगाची उंचीही साधारण तेवढीच आहे आणि तिथून त्यांना आधाराशिवाय उठता येते.

आता तीन वर्षांची, एकाच मालकाने वापरलेली पेट्रोल ऑटोमॅटिक एसयूव्ही पाहतो आहे. मागणी नऊ लाख आहे, त्यामुळे कर्जही कमी काढावे लागेल. कोल्हापूरच्या दादांना एकच विचारायचे आहे : तुम्ही सांगितलेली थंड इंजिनाची आणि सीटबेल्टची तपासणी हिलाही लागू पडेल ना? गाडी सांगलीतच आहे, एमएच १० पासिंगची, म्हणून महापुराची धास्ती वाटते. येत्या रविवारी वडिलांना पुढच्या सीटवर बसवून बघणार आहे आणि टोकन त्यानंतरच देणार आहे.