कामोल्यी २ ऑगस्ट: परतीचं काय ठरलं?

प्रेषक: वहिनी (मिलान)

मंडळी, आकडा द्या लवकर. जेनोव्हाजवळच्या कामोल्यी गावची आपल्या मंडळाची ट्रिप रविवार २ ऑगस्टलाच, पक्कं आहे, तिथला स्तेल्ला मारिस हा समुद्राचा सण दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्याच रविवारी असतो त्यामुळे तारीख पुढे ढकला असं परत कोणी लिहू नका. सकाळी बोटींची मिरवणूक निघते, पुंता क्याप्पाच्या खडकावर वेदी आहे तिथे प्रार्थना आणि बोटींना आशीर्वाद, आणि रात्री समुद्रात दिवे सोडतात. प्रश्न फक्त रात्रीचा आहे. दिवे बघायचेच असं बहुतेकांचं म्हणणं, आणि दिवे बघत बसलो तर मिलानची गाडी हुकणार. तेवढ्यावरच बोला प्लीज.

प्रेषक: बंड्या

वहिनी, तिकडे त्या दिवसांत सूर्य मावळायलाच पावणेनऊ-नऊ होतात, मग अंधार पडणार मग दिवे पाण्यात जाणार म्हणजे दहा धरा, मग त्या गर्दीतून पायऱ्या चढून स्टेशन, मग जेनोव्हाला गाडी बदलायची. विसरा. बस करू ना सरळ, पन्नास सीटर, गाणी म्हणत येऊ.

प्रेषक: खजिनदार

बस नको. बोलोन्याला काय झालं ते सगळ्यांच्या लक्षात आहे आणि ते पैसे अजून कोणाकोणाकडून यायचेत तेही माझ्या लक्षात आहे. दुसरं म्हणजे कामोल्यीत बस लावणार कुठे? मागे डोंगर, पुढे पाणी, मधे उंच उंच घरांची एक ओळ, झालं गाव. बस शेजारच्या रेक्को गावात ठेवायची आणि तिथून एक स्टेशन ट्रेननं यायचं, म्हणजे रात्री ट्रेनची गर्दी आहेच. आणि सकाळी सहाला निघालेला ड्रायव्हर रात्री एकपर्यंत चालवू शकत नाही, नियमात बसत नाही, दुसरा ड्रायव्हर घ्यावा लागतो. तो खर्च बंड्या देणार का?

प्रेषक: नाना (जेनोव्हा)

मी फेब्रुवारीतच लिहिलं होतं की मे महिन्यात जाऊ, कोणी उत्तरसुद्धा दिलं नाही. कामोल्यीचा साग्रा देल पेशे, म्हणजे मासळीचा उत्सव, मेच्या दुसऱ्या रविवारी असतो, १९५२ पासूनचा, सगळा दिवसाउजेडी, परतीचा प्रश्नच येत नाही. चार मीटर व्यासाचं तळणीचं भांडं, बंदरावर बसून गरम गरम मासे खायचे आणि संध्याकाळी घरी. आदल्या रात्री सान फोर्तुनातोच्या नावानं (कोळ्यांचा संत) किनाऱ्यावर दोन होळ्या पेटतात, एक पोर्तो मोहल्ल्याची एक पिनेत्तोची, आणि दोघांची जी चुरस असते ती बघण्यासारखी. पण जेनोव्हाच्या बाजूची ट्रिप जेनोव्हाच्या माणसांना विचारून ठरवायची ही पद्धत आता राहिली नाही. असो.

प्रेषक: माई

नाना, होळीचं कौतुक ठीक आहे पण रात्रीची होळी बघितली तर परतीचा प्रश्न येतोच ना? उगाच दिवसाउजेडी म्हणू नका. आणि मासे मासे करून मेमध्ये गेलो असतो तर आम्ही शाकाहारी काय भांडं बघत बसणार होतो? श्रावणाची काळजी असेल तर ती सोडा, यंदा अधिक ज्येष्ठ आला त्यामुळे श्रावण १३ ऑगस्टला लागतो, २ तारखेला आषाढच आहे, काय खायचं ते खा. मला फक्त एवढं सांगा की रेक्कोची ती चीजची फोकाच्या (चपटी रोटी) चालते का, त्या चीजमध्ये वासराचं रेनेट (दूध विरजायला वासराच्या पोटातून काढलेलं) असतं म्हणतात. आणि ते कामोल्येझी नावाचे चॉकलेटवाले गोळे मुलांना देऊ नका, आत रम असते, मागच्या वेळी आमच्या नातवानं दोन खाल्ले आणि गाडीभर गात आला.

प्रेषक: सोना (तोरीनो)

माई, त्या क्रेशेन्झा चीजमध्ये बहुतेक वेळा असतं हो रेनेट, तुम्ही फारिनाता घ्या, काबुली चण्याच्या पिठाची असते, पीठ पाणी तेल मीठ बाकी काही नाही. 😊
मला एक सुचलंय. आमच्या अलिबागला नारळी पौर्णिमेला कोळी लोक नारळ वाहतात ना समुद्राला, तसाच आपण मंडळातर्फे सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ न्यायचा आणि द्रोणात आपले दिवे सोडायचे. नऊवारी नेसू. फोटो काय येतील!!

प्रेषक: नाना (जेनोव्हा)

नाही. ठाम नाही. पोर्तोफिनोच्या डोंगराभोवतीचं पाणी १९९९ पासून संरक्षित आहे, पुंता क्याप्पा त्यातच येतं, तिथे आपण सोनेरी कागद आणि नारळ टाकायचे? आणि नारळी पौर्णिमा २८ ऑगस्टला आहे, २ तारखेला कसली. त्यांचा सण आहे, आपण पाहुणे, काठावर उभं राहून बघायचं. द्रागून नावाची त्यांची वल्ह्यांची जुन्या धाटणीची होडी आहे, ती मिरवणुकीत बघा, माणसं कशी एका ठेक्यात वल्हवतात ते बघा. रात्री किनाऱ्यावर ही गर्दी असते, गोटे आहेत, वाळू नाही, चपला काढू नका. कागदाच्या आडोशातला इवलासा दिवा असतो, तो पाण्यावर ठेवला की पहिली लाट हमखास परत आणून पायाशी ठेवते, मग लोक गुडघाभर पाण्यात शिरून हातानं पाणी मागे सारतात की तो पुढे जावा. एकदा बाहेर पडला की मग जातो आपला. जहाजावर नोकरी केलेल्या माणसाला हे बघताना काय वाटतं ते मी इथे लिहीत बसत नाही.
नऊवारी नेसा, त्याला माझी हरकत नाही. पण गोट्यांवरून चालून दाखवा.

प्रेषक: बंड्या

नाना, मग तो पाण्याखालचा येशूचा पुतळा पण त्याच दिवशी बघता येईल का? मी स्नॉर्कल आणतो.

प्रेषक: नाना (जेनोव्हा)

तो सतरा मीटर खाली आहे, स्नॉर्कल कसला आणतोस. क्रिस्तो देल्यी आबिस्सी, सान फ्रुत्तुओझोच्या खाडीत, १९५४ साली २२ ऑगस्टला उतरवला, शिल्पकार गाल्लेत्तीचं काम, ब्राँझचा. १९४७ साली तिथेच बुडी मारताना एक पाणबुड्या मरण पावला, त्याच्या आठवणीत. त्याचा सोहळा वेगळा, जुलैच्या शेवटच्या वीकेंडला, पाणबुडे खाली जाऊन पानांचा मुकुट ठेवतात. आणि सान फ्रुत्तुओझोला गाडीरस्ता नाही, बोटीनं जा नाहीतर डोंगर चालून जा. स्तेल्ला मारिसच्या दिवशी बोटींना काय रांग असेल कल्पना कर. एका दिवशी एकच काहीतरी नीट बघा.

प्रेषक: खजिनदार

विषय: परत कसं यायचं. मी आठवण करून देतोय.
माझा हिशोब असा की ज्यांना सोमवारी कामावर जायचंय त्यांनी मिरवणूक बघून, जेवून संध्याकाळच्या गाडीनं निघावं. ज्यांना दिवे बघायचेत त्यांनी रात्री जेनोव्हापर्यंतच यायचं, तेवढं अंतर रात्रीच्या लोकलनं निघतं, शेवटची किती वाजता ते आपापलं बघून ठेवा, आणि जेनोव्हात मुक्काम करायचा. कामोल्यीत त्या रात्री खोली शोधू नका, मिळाली तरी परवडायची नाही. मुक्काम ज्याचा त्याच्या खर्चानं. मंडळ फक्त सकाळचा चहा आणि पोह्यांचे पैसे देईल.

प्रेषक: माई

नाना तुमच्याकडे किती जण मावतात?

प्रेषक: नाना (जेनोव्हा)

चौघं. त्यात माई एक, म्हणजे तिघं राहिले. बंड्या नको, तो घोरतो, एल्बाच्या ट्रिपला सगळ्यांनी ऐकलंय. लिफ्ट नाही, चौथा मजला, आधीच सांगतोय. पोहे मी करीन, मंडळानं पैसे ठेवावेत.

प्रेषक: सोना (तोरीनो)

नारळ मिरवायला तरी आणू का? टाकणार नाही. परत आणून सोलकढी करू.

प्रेषक: वहिनी (मिलान)

आणा. पण सोनेरी कागद नको.
सतरा लोकांनी अजून हो-नाही कळवलेलं नाही. दिव्यांचे वेगळे, संध्याकाळचे वेगळे, असे दोन आकडे हवेत, शुक्रवारपर्यंत. त्यानंतर आलेल्यांनी आपली तिकिटं आपण काढावीत. आणि नव्या सदस्यांनी मला खासगीत विचारलंय म्हणून इथेच लिहिते, कुत्रा आणायचा की नाही हे त्या गर्दीत तुम्हीच ठरवा.

प्रेषक: नाना (जेनोव्हा)

कुत्रा २ तारखेला आणू नका, बिचारा तुडवला जाईल. १६ ऑगस्टला आणा, कामोल्यीच्या वर सान रोक्को म्हणून वाडी आहे तिथे त्या दिवशी निष्ठावान कुत्र्यांना बक्षिसं देतात. मी त्या दिवशी मोकळा आहे, कोणी येणार असेल तर कळवा.