यान व्हान आयकला 'तैलरंगाचा जनक' म्हणणं आता बंद करा (टोपणनावांनी बोलणाऱ्या चौघांचा वाद)

जवस: चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या व्हासारीने १५५० मध्ये छापलेली गोष्ट अजून सांगितली जाते. उन्हात वाळत ठेवलेली फळी सांध्यावर तडकली, म्हणून फ्लेमिश चित्रकार व्हान आयकने सावलीत वाळणारं तेल शोधलं म्हणे. पण जवसाच्या तेलात रंग खलायची कृती कलातंत्रांवर ग्रंथ लिहिणाऱ्या थेओफिलसने बाराव्या शतकातच दिली आहे. नॉर्वेतल्या तेराव्या शतकातल्या वेदीफळ्या (चर्चच्या वेदीवरची चित्रं) तेलात रंगवलेल्या आहेत. आयक वारला १४४१ मध्ये. जनक कसला?

सरस: अर्धंच सांगितलंत. एक थर वाळेपर्यंत दुसरा देता येत नाही, माणसांची चित्रं काढताना हे फार कंटाळवाणं होतं, ही थेओफिलसचीच तक्रार. आयकने तोच संथपणा कामाला लावला. ओकच्या फळीवर खडू-सरसाचं अस्तर घासून गुळगुळीत करायचं, त्यावर रेखाटन आणि मग तेलाचा अगदी पातळ हात, म्हणजे थर. तो चुकवला तर अस्तर रंगातलं तेल पिऊन टाकतं. रंग मलूल पडतो, शिवाय खडू तेलात भिजला की पारदर्शक होतो आणि त्याचं पांढरेपण जातं. निळ्यासाठी खाली अझुराइट हा निळा खनिज रंग, वर महागडं लाजवर्दी. लालसाठी खाली हिंगूळ, वर पारदर्शक लाल रंगाचे पातळ हात. उजेड आत शिरतो, अस्तरावर आपटून परत येतो. अंड्याच्या बलकात कालवलेला रंग मिनिटांत सुकतो, त्यात रेघांवर रेघा ओढण्यापलीकडे गत नाही.

ओकफळी: तंत्र मान्य. पण एकट्याचं कशावरून? तूर्ने शहरात चित्रकार कांपँ त्याच काळात तेलात थर चढवत होता. आयकच्या नावावर असलेल्या गेंट शहरातल्या वेदीचित्राच्या चौकटीवर तर लिहिलंय की थोरल्या भावाने, ह्यूबर्टने काम सुरू केलं, धाकट्या यानने १४३२ मध्ये पुरं केलं. ह्यूबर्ट १४२६ मध्येच गेला. कुठला हात कोणाचा, सांगा बघू.

सरस: म्हणून गेंट बाजूला ठेवा. लंडनमधलं १४३४ चं आर्नोल्फिनी चित्र सहीनिशी एकट्या यानचं आहे. फरच्या कडा बघा, रंग ओला असतानाच ओढल्यात.

रंगलेप: गेंटवरून वाद घालणाऱ्यांनी एक ध्यानात घ्या. २०१२ मध्ये सफाई सुरू झाली, तेव्हा चित्र मिटल्यावर दिसणाऱ्या पाखांचा जवळपास ७० टक्के भाग नंतरच्या हातांनी रंगवलेला निघाला. मधल्या फळीवरच्या कोकराचा चेहराही वरून रंगवलेला होता. खालचे डोळे समोर रोखलेले, जवळजवळ माणसाचे. त्याआधी 'आयकची मऊ छटा' म्हणून जे कौतुक झालं, त्यातलं बरंचसं त्याचं नव्हतंच.

जवस: मग जनकपद त्या पुसलेल्या थरांना द्यायचं का? मी 'थरांचा उस्ताद' म्हणेन. त्यापुढे एक पाऊल नाही.