शेक्सपियरने इंग्रजीला खरोखर १७०० शब्द दिले का?

प्रश्न:
माझ्या मुलीने वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात ‘शेक्सपियरने इंग्रजीत १७०० नवे शब्द घडवले’ असे वाक्य लिहिले आहे. हा आकडा सर्वत्र वाचायला मिळतो. परंतु एकट्याने इतके शब्द घडवले आणि ते समोरच्या प्रेक्षकांना कळलेही, हे मला पटत नाही. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

प्रतिसाद १:
आपली शंका रास्त आहे. १८८४ ते १९२८ या काळात खंडशः निघालेल्या ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशासाठी स्वयंसेवकांनी जुनी पुस्तके वाचून शब्दांचे दाखले चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवले होते. शेक्सपियरची नाटके फार बारकाईने वाचली जात असल्यामुळे असंख्य शब्दांचा पहिला दाखला त्याच्या नावावर चढला. आता जुने छापील साहित्य संगणकावर धुंडाळता येऊ लागल्यावर त्यांतल्या कित्येक शब्दांचे आधीचे दाखले हाती लागले आहेत. पहिला लेखी दाखला ज्याचा, शब्दही त्याचाच, असे धरून चालल्यामुळे हा आकडा फुगला.

मला मात्र शब्दांपेक्षा त्याने भाषा जशी वाकवली त्याचे अधिक अप्रूप वाटते. ‘रिचर्ड दुसरा’ या नाटकात हद्दपारी मोडून परतलेला बोलिंगब्रोक गुडघे टेकून आपला काका यॉर्क याला ‘माय ग्रेशस अंकल’ म्हणतो, तेव्हा यॉर्क ‘ग्रेस मी नो ग्रेस, नॉर अंकल मी नो अंकल’ असे फटकारतो. ‘अंकल’ या नामाचे तिथल्या तिथे क्रियापद झाले! आपण फार तर ‘काका-बिका म्हणू नकोस मला’ म्हणू. इंग्रजीतले जुने प्रत्यय झडून गेल्यामुळे तिथे हे साधते, आणि ही मोकळीक शेक्सपियरने जितक्या धिटाईने वापरली तितकी फार थोड्यांनी वापरली असेल.

प्रतिसाद २:
वाक्प्रचारांचाही विचार व्हावा. ‘ऑथेल्लो’ या नाटकात कपटी इयागो सेनापती ऑथेल्लोला त्याच्या हाताखालच्या कॅसिओच्या स्वप्नाची रचलेली हकिकत सांगतो, त्यावर ऑथेल्लो ‘फोरगॉन कन्क्लूजन’ हे शब्द उच्चारतो. तिथे त्यांचा अर्थ ‘आधीच घडून गेलेली गोष्ट’ असा आहे. आज निवडणुकीचा निकाल आधीच ठरल्यासारखा वाटला की हेच शब्द वापरले जातात. ‘चकाकते ते सारे सोने नव्हे’ ही म्हण मात्र त्याच्याआधीपासूनची आहे, ती त्याच्या खात्यावर मांडू नये.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. तिने आकडा खोडून यॉर्कचा प्रसंग घेतला आहे. ऑथेल्लोचे ते वाक्य कोणत्या प्रवेशात येते?

प्रतिसाद २:
तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात.