मदत हवी आहे: 16 वर्षांनी नवी रोड बाइक, रविवारपर्यंत ठरवायचंय

जुनाट_चाक
थेट मुद्द्यावर येतो. 16 वर्षं एकाच गाडीवर काढली, आता नवी घ्यायचीय. दुकानात दोन बघून ठेवल्यात. पहिली कार्बन, रिम ब्रेक, 105. बरेच दिवस शोरूमला पडून आहे म्हणून चांगली सवलत. दुसरी ॲल्युमिनियम, हायड्रॉलिक डिस्क, टियाग्रा. किंमत जवळपास सारखीच पडते. दुकानदार रविवारपर्यंतच थांबणार आहे. दोन्ही 54 आणि माझी जुनीही 54, त्यामुळे मापाचा प्रश्न नाही. पहिली की दुसरी, एवढंच सांगा. "कशाला बदलताय" वगैरे नको, कृपया.

भटक्या_मावळा
105 सीसीला घाटात दम राहत नाही, स्वानुभव. थोडे पैसे घालून 350 घ्या. मी लेहला जाऊन आलो, कंबर अजून शाबूत आहे. आणि टियाग्रा कोणाची? नाव ऐकलं नाही.

हाफ_पेडल
अहो मावळे, सायकलीचं चाललंय. 105 आणि टियाग्रा ही शिमानोच्या गेअरसेटची नावं आहेत 😄
जुनाट_चाक, उंची, वजन, बजेट, गाव? आठवड्याला किती चालवता, कुठे? जुनी कसली होती? काहीच सांगितलं नाहीत आणि म्हणता पहिली की दुसरी.

जुनाट_चाक
उंची 5 फूट 9, वजन 78. बजेट सव्वा लाख, दोन्ही बसतात त्यात. घाटात चालवतो. गावाचा काय संबंध?

रँडोनर_600
डोळे झाकून कार्बन. आणि एवढं चालवताच आहात तर ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब राइड, सुरू करा हो. 200 किमीला साडेतेरा तास असतात, आरामात होते. पुढे 300 ला 20 तास, 400 ला 27, 600 ला 40. एकाच मोसमात चारही केल्या की सुपर रँडोनर. 2027 ला पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आहे, 1200 किमी, 90 तास. मी तयारीला लागलोय. रात्री 2 वाजता टोलनाक्याच्या दिव्याखाली बसून केळं खाण्यात जी मजा आहे ती...

जुनाट_चाक
मला ब्रेव्हे करायची नाही. पहिली की दुसरी?

लोखंडी_दांडा
तिसरी. म्हणजे तुमची जुनीच. स्टील असणार, 16 वर्षं टिकलीय म्हणजे. ओव्हरऑइलिंग करा, चाकांचा आउट काढून घ्या, नवी केबल टाका. हजार-दोन हजारांत नवी होते. कार्बन दगडावर आपटलं तर गेलं, ॲल्युमिनियम हाडं खिळखिळी करतं. नक्की काय धाड भरलीय जुनीला?

जुनाट_चाक
हे नको म्हटलं होतं तरी विचारलंच. सांगतो. हो, स्टीलच आहे, तीही सेकंडहँड घेतलेली. दोन महिने चढावर उभं राहिलं की कटकट आवाज यायचा. पेडल बदललं, बीबी (पेडलचे दांडे जिथे फिरतात तो खालचा मधला जोड) उघडून ग्रीस घातलं, तरी येतच राहिला. गेल्या रविवारी पुसत बसलो होतो तर बीबीच्या खोक्यापाशी, उजवीकडच्या चेनस्टेवर, म्हणजे तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर, फडक्याचा एक दोरा अडकला. ओढला तर निघेना. आधी रंगाचा पोपडा वाटला. नख फिरवलं तर नख अडकतंय. टॉर्च लावून बघितलं तर नळीला अर्ध्या घेराची चीर. आत गंज. झालं समाधान?

लोखंडी_दांडा
वाईट वाटलं. पण स्टील आहे, जोडता येतं! ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून जोड, करणारा गाठा. ॲल्युमिनियमला ही सोयच नाही.

हाफ_पेडल
दांडासाहेब, आतून गंजलेल्या नळीवर ब्रेझिंग म्हणजे कुजक्या लुगड्याला ठिगळ. शेजारी फाटणार. नळीच बदलावी लागेल आणि ते काम नीट करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ती उतारावर चालवू नका, जुनाट_चाक. अगदी दुधाला सुद्धा नेऊ नका.

लोखंडी_दांडा
माझ्या काकांची अजून चालतेय, दोनदा जोडलेली.

हाफ_पेडल
काका घाट उतरतात का?

लोखंडी_दांडा
काका 81 वर्षांचे आहेत.

रँडोनर_600
रिम ब्रेकला काही होत नाही, बरं का. पुणे-मुंबई सगळं रिमवर केलंय मी. डिस्क हे कंपन्यांचं खूळ. प्रोफेशनल लोकसुद्धा 2018 पर्यंत बहुतेक रिमवरच रेस करत होते, यूसीआयने (सायकलिंगची जागतिक संघटना) रस्त्यावरच्या रेसला डिस्क तेव्हा पक्की मान्य केली. पॅड घासतं, आवाज येतो, ऑइल बदला, ब्लीड करा (नळीतली हवा काढा). रिमला काय, रबर बदललं की झालं.

जुनाट_चाक
तेच म्हणतोय मी. पण पावसात काय? आमच्याकडे जून ते सप्टेंबर रस्ता कोरडा म्हणून दिसत नाही. मी साताऱ्याचा. रोज पहाटे यवतेश्वरचा घाट, रविवारी कास पठार.

हाफ_पेडल
😑 आणि म्हणे गावाचा काय संबंध!
विषय संपला, डिस्क. ओल्या रिमवर आधी पाणी पुसलं जातं, मग ब्रेक लागतो. त्यात वरून वाहत आलेली लाल माती रबर आणि रिमच्या मध्ये दळली जाते. कार्बन गाडीचं रिम ॲल्युमिनियमचं आहे की तेही कार्बन? कार्बन असेल तर ओल्यात आणखी कठीण. डिस्कचे पॅडही चिखलात भराभर संपतात, खोटं कशाला सांगू. पण पॅड बदलणं आणि रिम बदलणं यात फरक आहे.

सुगरण_सातारकर
कासला फुलं आली का हो? आम्हाला पुढच्या शनिवारी यायचंय, बुकिंग आधी करावं लागतं का?

जुनाट_चाक
ताई, शनिवार-रविवार गर्दीचे. आधी बुकिंग करून या आणि सकाळी लवकर या. आता कृपया सायकल.

ओळंबा
उशिरा आलो. ब्रेकवरून भांडून झालं असेल तर मूळ चूक बघू. "54 आहे, मापाचा प्रश्न नाही" हे वाक्य. प्रश्न तिथेच आहे.

जुन्या गाड्यांचं 54 म्हणजे सीटच्या नळीची लांबी. आता वरचा दांडा मागे उतरता असतो, सीटची नळी आखूड, त्यामुळे 54 हा नुसता शिक्का उरलाय. बघायचं ते स्टॅक आणि रीच. बीबीच्या मध्यापासून पुढच्या नळीचं तोंड किती उंच आणि किती पुढे, ते. रेसच्या 54 चा स्टॅक साधारण 540-550 मिमी, एंड्युरन्सचा, म्हणजे लांब पल्ल्याला आरामशीर बसायच्या गाडीचा, 570 च्या वर. फरक ऐकायला दोन-तीन सेंमीच वाटतो, पण मान आणि कमरेला विचारा.

जुनी उभी करा, भिंतीला टेकवून, दोन्ही चाकांत हवा सारखी. चार मापं घ्या. एक, बीबीच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत. दोन, सीटच्या नाकापासून हँडलच्या मध्यापर्यंत. तीन, सीटपेक्षा हँडल किती खाली. चौथं सीटच्या नाकावरून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा, तो बीबीच्या मागे किती पडतो. 16 वर्षांत तुमच्या अंगाने जे ठरवलंय ते या चार आकड्यांत आहे. टेप घेऊन दुकानात जा.

आणि दुकानदाराला स्टिअरर, म्हणजे हँडल ज्यावर बसतं ती पुढची उभी नळी, कापू देऊ नका. जुन्या स्टेमला (हँडल धरणारा तुकडा) बोल्ट सैल केला की वर घेता यायचं. आताच्याला नळी एकदा कापली की वर जायची सोय नाही, खाली वॉशरसारखे स्पेसर असतील तेवढंच.

शेवटचं, गेअर. तिन्ही गाड्यांचे दाते सांगा.

जुनाट_चाक
मापं घेतली. सीट 73 सेंमी, नाक ते हँडल 53, हँडल 4 खाली, ओळंबा 6 मागे. सगळ्यात हलक्या गेअरचे दाते: जुनी पुढे 39 ला मागे 25. कार्बन 36 ला 28. डिस्कवाली 34 ला 34.
(गेल्या दिवाळीपासून डावा गुडघा चढावर दुखतो. वयाचा असेल, 49 झालं.)

ओळंबा
हे आधी सांगायला काय झालं होतं!
चाकाचा घेर 2.1 मीटर धरा. सगळ्यात हलक्या गेअरवर पायाच्या एका फेरीत जुनी 3.3 मीटर पुढे जाते, कार्बन 2.7, डिस्कवाली 2.1. यवतेश्वरला तुम्ही 16 वर्षं 3.3 मीटर ढकलताय, बसून नाही, उभं राहून. गुडघा डॉक्टरला दाखवाच, पण त्याला वय म्हणून सोडू नका.

रँडोनर_600
34-34 म्हणजे बैलगाडी.

ओळंबा
बैलगाडी घाट चढते.

हाफ_पेडल
😂
आणि एक, बिल बघून घ्या. सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झालाय. पडून राहिलेल्या गाडीवर जुन्याच एमआरपीची चिठ्ठी असेल तर "सवलत" त्यातली किती, तेही मोजा.

जुनाट_चाक
सोमवार, अपडेट. टेप घेऊन गेलो, दुकानदार जरा वैतागला. कार्बनचा स्टिअरर आधीच कापलेला निघाला, कुणीतरी बुक करून सोडून दिलेली गाडी. सगळे स्पेसर खाली घालूनही हँडल सीटच्या साडेसात सेंमी खाली. दहा मिनिटं फिरवली, उचलली की अशी हलकी की सोडवेना. पण मान तेवढ्यातच बोलायला लागली. डिस्कवालीवर 4 सेंमी खाली बरोबर जमलं, स्टेम 1 सेंमी आखूड घातला. टायर 28 मिमी रुंदीचे होते, 32 बसतात म्हणाला, तेही टाकले.

घेतली. आज पहाटे यवतेश्वरला गेलो. चढाला कधी नव्हे ते बसून गेलो. उतरताना मात्र पहिल्याच वळणावर मागचं चाक सरकलं. उजवा ब्रेक दाबला होता, जुनीचा उजवा पुढचा. हिचा उजवा मागचा! दुकानात कोणीच बोललं नाही, मीही विचारलं नाही. पडलो नाही, गटाराच्या कडेला थांबलो.

ओळंबा
आपल्याकडे दुचाकीला उजव्या हाताला पुढचा, त्याच सवयीचे आपण. बाहेरच्या मांडणीने आलेली दिसते. बदलून मिळतं, पण हायड्रॉलिक असल्यामुळे दोन्ही नळ्या काढून ब्लीड करावं लागेल. दुकानातूनच करून घ्या, फुकट. बदलून होईपर्यंत घाट नको.

भटक्या_मावळा
पुढचा-मागचा ब्रेक उलटा? म्हणून म्हणत होतो 350 घ्या.

लोखंडी_दांडा
अभिनंदन. जुनीच्या मागच्या चाकाची जागा आत ते आत किती मिमी आहे? 126 का 130?

जुनाट_चाक
130. का हो?