मेळघाट तीन दिवसांत: सात जण, एक बोलेरो आणि सोबत आजी. मुक्काम कुठे, रस्ता कोणता?

कारंजा_शिवार

नमस्कार मंडळी. सोयाबीन घरात आलं, हरभरा पेरून झाला. कपाशीच्या दोन वेचण्यांच्या मधे, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, तीन दिवस मोकळे मिळतात. कारंजा लाडकडून निघायचं आहे. आम्ही दोघं, लहान भाऊ आणि त्याची बायको, दोन मुलं (७ आणि ११ वर्षं) आणि ७२ वर्षांची आजी. आजीचे गुडघे दुखतात, सपाटीवर अर्धा किलोमीटर चालते, पायऱ्या नको म्हणते. गाडी घरची बोलेरो. भाऊ चालवतो, पण घाटाची सवय नाही.

वाघ दिसलाच पाहिजे असा हट्ट नाही. डोंगर, दऱ्या, जंगल नीट पाहायचं आहे. दोन्ही रात्री चिखलदऱ्यालाच राहावं की एक रात्र सेमाडोह-कोलकासला? डिसेंबरात धबधबे असतात का? मुलांना गाडी लागते, त्यावर काय करावं? शहानूर-नरनाळा किल्लाही त्याच फेरीत जमेल का?

गाविलगड_वाट

दादा, एक रात्र वर आणि एक रात्र खाली, असंच ठेवा. चिखलदरा म्हणजे साधारण अकराशे मीटरवरचं पठार, तिथून दरीत वाकून पाहायचं. सेमाडोह आणि कोलकास सिपना नदीच्या खोऱ्यात आहेत, तिथे तेच डोंगर खालून दिसतात. दोन्ही रात्री वर काढल्या तर जंगल फक्त पॉइंटच्या कठड्यावरून पाहून घरी याल.

पहिला दिवस: सकाळी सहाला निघा. कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, परतवाडा, हा रस्ता शकुंतला रेल्वेच्या जुन्या मार्गाच्या जवळजवळ सोबतीनेच जातो. चहाच्या थांब्यासह साडेतीन-चार तास धरा. परतवाड्यात डिझेलची टाकी भरा, रोख पैसे काढा, आजीच्या गोळ्या पाच दिवसांच्या घ्या. पुढे सेमाडोहपर्यंत या तिन्ही गोष्टींचा भरवसा धरू नका. मोबाइलची रेंजही घटांगच्या पुढे येते-जाते, म्हणून बुकिंगच्या पावत्या कागदावर छापून न्या.

परतवाड्याहून वर जायला दोन वाटा आहेत. धामणगाव गढी-मोथा मार्गे जवळ पडतं, तीसेक किलोमीटर. घटांगवरून लांब पडतं, पण सेमाडोहचा फाटा त्याच बाजूला. म्हणून जाताना मोथ्यावरून चढा आणि परतताना सेमाडोहहून घटांगमार्गे उतरा, म्हणजे एकच रस्ता दोनदा होत नाही. मोथ्यात स्ट्रॉबेरीची शेती आहे. डिसेंबरात हंगाम सुरू होत असतो, फळ थोडं असेल पण ताजं. गवळ्यांकडचा खवा आणि रबडीही तिथेच वर मिळते.

दुपारी बारा-एकला पोहोचा, जेवा, आजीला दोन तास झोपू द्या. साडेतीननंतर देवी पॉइंट आणि पंचबोल. पंचबोलला गाडी बरीच जवळ जाते. तिथे एक हाक मारली की समोरच्या डोंगरांतून ती परत परत येते, मुलांसाठी ते पुरेसं आहे. देवी पॉइंटला देवीच्या गुहेत खडकातून पाणी ठिबकत असतं, फरशी ओली असते. आजीच्या पायात रबरी तळव्याची चप्पल हवी. माकडं हातातली पिशवी ओढतात, खाण्याची पिशवी गाडीतच काचा लावून ठेवा.

दुसरा दिवस: सकाळी आठला गाविलगड. दरीतलं धुकं सूर्य वर येऊन तासभर झाल्याशिवाय उठत नाही, त्यामुळे सहाला जाऊन फक्त पांढरं दिसेल. किल्ल्यात चढउतार आणि सुटे दगड आहेत, आजीसाठी नाही. बाकीच्यांना दोन-अडीच तास लागतात. घाईघाईने तलाव आणि मशिदी गाठण्यापेक्षा दरवाज्यांपाशी थांबा. शार्दूल दरवाज्यावरचं गंडभेरुंडाचं शिल्प मुलांना दाखवा: दोन तोंडांचा पक्षी, पंजात हत्ती. तुम्ही ज्या आठवड्यात जाताय त्याच आठवड्यात, १५ डिसेंबर १८०३ ला, हा किल्ला नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेला. दक्षिणेकडे सरळ कडा, म्हणून इंग्रजांनी जड तोफा डोंगरातून मोठा वळसा घालून उत्तरेकडे आणल्या. तिथे उभं राहून खाली पाहिलं की हे लगेच कळतं. पुढे दोनच आठवड्यांनी, ३० डिसेंबरला, शिंद्यांशी तह झाला तो सुर्जी-अंजनगावला. म्हणजे तुम्ही जाताना ज्या गावातून जाल तेच.

दुपारी एकपर्यंत जेवून निघा आणि उजेडात सेमाडोह किंवा कोलकासला पोहोचा. हा रस्ता अंधारासाठी ठेवू नका. वळणावर रानगवा उभा असतो. अंग काळं, त्यात दिव्याकडे बघत नसेल तर डोळेही चमकत नाहीत. दिसेपर्यंत गाडी त्याच्यापाशी गेलेली असते.

नरनाळा या फेरीत नको. तो अकोटकडून, शहानूर गेटने करायचा, पूर्ण एक दिवस लागतो. कारंज्याहून अकोट वेगळं काढा.

सिपनाकाठ

वरच्या मांडणीला पूर्ण अनुमोदन. खोऱ्यातल्या भागाबद्दल थोडं सांगते.

आधी आकडा. तुम्ही सात आहात आणि सफारीच्या जिप्सीत सहा पर्यटक बसतात. मुलंही मोजली जातात. दोन जिप्स्या घ्या, नाहीतर आजी आणि त्यांच्यासोबत एक जण मुक्कामी राहा. दुसरं बरं, कारण जिप्सीत चढायला पाऊल गुडघ्याच्या वर उचलावं लागतं आणि मागच्या सीटला धक्के फार बसतात. कोलकासचं विश्रामगृह नदीच्या वळणावर उंचावर आहे. आजींना तिथे सकाळच्या उन्हात खुर्ची टाकून दिली तर समोर सिपना आणि पलीकडचं जंगल बसल्या जागी दिसतं. उरलेल्या पाच जणांना एक जिप्सी पुरते. मुक्काम आणि सफारी व्याघ्र प्रकल्पाच्या संकेतस्थळावरून आधीच नोंदवा, शनिवार-रविवार टाळा. ज्याच्या नावाने जे ओळखपत्र भरलं तेच मूळ ओळखपत्र गेटवर हवं, मुलांचं आधारसुद्धा. जेवण किती जणांचं ते पोहोचण्याआधी कळवा. किराणा लांबून येतो, ऐन वेळी सात ताटं निघत नाहीत.

थंडीबाबत बहुतेकांचा अंदाज चुकतो. चिखलदरा उंच म्हणून तिथे जास्त थंडी असं वाटतं. पण रात्री आकाश निरभ्र असलं की डोंगरउतारावरची हवा गार होऊन जड होते आणि घरंगळत नदीच्या खोऱ्यात साचते. त्यामुळे पहाटे कोलकास-सेमाडोह वरच्यापेक्षा गार लागू शकतं. त्यात उघडी जिप्सी, समोरून वारा. मुलांना एका जाड जॅकेटऐवजी आत बनियन, त्यावर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं काहीतरी घाला. कानटोपी, मोजे, आणि मांडीवर घ्यायला घरचं ब्लँकेट. नऊनंतर एकेक उतरवता येतं. कपडे भडक नकोत, अत्तर नको.

धबधब्यांबद्दल खरं सांगायचं तर डिसेंबरात भीमकुंडाला धार उरते, गर्जना नाही. भरलेले धबधबे ऑगस्ट-सप्टेंबरात, पण तेव्हा पठारावर दिवस दिवस धुकं असतं आणि गाभ्यातली सफारी बंद. दोन्ही एका फेरीत मिळत नाही. डिसेंबरात दूरपर्यंतच्या डोंगररांगा एकामागे एक दिसतात, पावसाळ्यात त्याच जागी हातभर अंतरावरचं दिसत नाही.

वाघाचा हट्ट नाही म्हणालात ते फार चांगलं. हा प्रकल्प १९७४ चा, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी. त्यातला गुगामल राष्ट्रीय उद्यानाचा भाग १९८७ पासूनचा, ३६१ चौरस किलोमीटर. वाघ आहेत, पण ताडोबासारखी सपाट जमीन आणि रस्त्यालगतचे पाणवठे इथे नाहीत. एक टेकडी ओलांडली की तो दिसेनासा. म्हणून गाइडला गेटवरच सांगा की आम्हाला जंगल दाखवा, गाडी पळवू नका. गाइड बहुतेक आसपासच्या गावांतली कोरकू मुलं, हे सांगितलं की त्यांचीही कळी खुलते. थांबून ऐका: सांबराचा एकच खणखणीत "ढाँक", चितळाची बारीक शीळ, वानराचं खोकल्यासारखं खॅक-खॅक. तिन्ही एकाच दिशेने यायला लागले तर समजायचं की तिथून कोणीतरी चाललंय.

झाडं ओळखायला दोनच शिकवा. ऐन, म्हणजे आपल्याकडे येन: साल चौकोनी भेगांची, अगदी मगरीच्या पाठीसारखी, हात लावला की खडबडीत ठोकळे लागतात. आणि कुलू: उतारावर एकटाच उभा, गुळगुळीत पांढरट खोड, थंडीत पानं गळालेली. संध्याकाळच्या उजेडात तो दुरूनही चमकतो. पक्ष्यांत रानपिंगळा विचारा. १८८४ नंतर तो कोणाला दिसलाच नव्हता, १९९७ साली पुन्हा सापडला. मेळघाटात त्याचं चांगलं घर आहे. तो दिवसाही फिरतो. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके दाट असतात, याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, तपकिरी.

डिझेलवाला_अचलपूर

राजेहो, बाकी सबन बरोबर सांगतलं. गाडीचं मी सांगतो, कारण नवीन माणसाची फजिती तिथंच होते.

बोलेरोत मांगच्या दोन सीटा आडव्या, एकमेकांकडं तोंड करून. लेकरं तिथं बसवले की मोथ्याच्या आधीच वकतात. डोये गाडीच्या आत पाहतात अन् अंग आडवं फिरते, दोन्हीचा मेळ बसत नाही म्हणून मळमळते. आजीले पुढं बसवा, लेकरायले मधात एका मोठ्या माणसासंगं, दोघं मोठे मांगं. लेकरानं समोर रस्त्याकडं पाहाचं, मोबाइल बंद. घाटाच्या तास-दीड तास आधी कोरडा नाश्ता, दूध नको, तेलकट नको. गोळी द्यायची तर परतवाड्यात डॉक्टरले वय अन् वजन सांगून घ्या अन् घाट लागायच्या अर्धा तास आधी द्या. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात राहत नाही.

टपावर कॅरिअर असंन तर वर हलकं सामान टाका, कपडे, गाद्या. पाण्याचे कॅन, डबे खाली पायात. वजन वर गेलं की वळणावर गाडी झुकते, मंग लेकरायले आणखीनच लागते.

निंगायच्या आधी चार गोष्टी पाहा. इंजिन थंड असताना कूलंट खुणेपर्यंत. ब्रेक ऑइल. स्टेपनीत हवा, जॅक, पाना. अन् ब्रेकचे लायनर मेकॅनिककून उघडून पाहून घ्या. परतवाड्याहून वर सातशे मीटरच्या वर चढ हाय अन् तेवढंच उतरणं हाय.

चढताना इंजिन दमलेलं वाटलं की गेअर लवकर खाली घ्या, ओढत नेऊ नका. गरम काटा वर गेला तर जागा पाहून थांबा, बॉनेट उघडा, रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येते. अर्धा तास थंड होऊ द्या.

उतरताना नियम एकच: ज्या गेअरमंदी चढली, त्याच गेअरमंदी उतरवा. बहुतेक दुसरा, अवघड वळणावर पयला. न्यूट्रल टाकली की इंजिन गाडी धरत नाही, सारं ओझं ब्रेकवर येते. अन् डिझेल वाचवाले इंजिनच बंद केलं तर दोन-तीनदा पाय दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होते, कारण ब्रेकले जोर देणारा पंप इंजिनवरच चालते. पॉवर स्टेअरिंग असंन तर तेही जड होते. पाय ब्रेकवर ठेवून ठेवू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा. जळका वास आला, पॅडल खोल जायले लागलं, तर समजा ब्रेक तापले. थांबा, चाकापुढं, उताराच्या बाजूनं दगड लावा, वीस-पंचवीस मिनिटं. वरून पाणी टाकू नका, तापलेलं लोखंड तडकते.

वळणावर हॉर्न. चढणाऱ्या गाडीले आधी वाट. यष्टी अन् ट्रक वळताना बाहेरून मोठा घेर घेतात, आतली जागा रिकामी दिसते, तिथं घुसू नका. त्याइचं मांगचं चाक तिथूनच येते.

कारंजा_शिवार

मनापासून आभार. नरनाळा वगळला, कोलकासला एक रात्र धरली, आजी आणि आई म्हणजे मुलांची आई नदीकाठी राहणार. आता तिसऱ्या दिवसाचं: सफारी करून त्याच दिवशी कारंजा गाठता येईल का? आणि मुक्तागिरीची जैन मंदिरं किंवा बहिरमची जत्रा जाता-जाता होईल?

सिपनाकाठ

होईल. सकाळची सफारी आटोपून साडेदहा-अकराला मुक्कामी परत, तासाभरात आवराआवर, बारापर्यंत निघा. घटांगमार्गे परतवाडा दुपारी अडीचपर्यंत, म्हणजे घाट उजेडात उतरतो. जेवण तिथे करा, अंधार पडेस्तोवर मूर्तिजापूर. मुक्तागिरीला पायऱ्या बऱ्याच आहेत, आजीला खाली बसवून ठेवावं लागेल, आणि दिवसही हातातून जाईल. बहिरमची जत्रा डिसेंबरच्या उत्तरार्धात भरते, तुमच्या तारखांना मंडपच उभे होत असतील. त्याऐवजी अंजनगावला पाच मिनिटं थांबून पानमळे पाहा, रस्त्यालगतच आहेत. आजीला विड्याची पानंही तिथली घेता येतील.

डिझेलवाला_अचलपूर

अन् परतवाड्यात उतरल्यावर चारी चाकाले हात जवळ नेऊन पाहा, लावू नका. एकच चाक बाकीच्यापेक्षा जास्त गरम वाटलं तर त्याचा ब्रेक चिकटला समजा. तिथंच मेकॅनिककून मोकळा करून घ्या, कारंज्यापर्यंत ओढू नका.